डॉक लावला म्हणजे डेस्कटॉप आवरला का?

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की माझा डेस्कटॉप रिकामा असतो अन् वर एक डॉकची, म्हणजे नेहमी लागणाऱ्या प्रोग्रामच्या आयकॉनची, पट्टी असते, तर तुम्ही लोकांनी नेमकं तेवढंच वाक्य धरलं. बाकी अर्धं पान मी प्रिंटरच्या शाईवर खर्च केलं होतं त्याचं काहीच नाही. असो. चार पत्रं घेतो, नावं नेहमीसारखीच देत नाही.

प्रश्न : भाऊ, माझं नागपूरच्या महाल भागात लग्नपत्रिका अन् व्हिजिटिंग कार्ड डिझाइनचं काम आहे. कॉम्प्युटर विंडोज १०, आठ जीबी रॅम. डेस्कटॉपवर आता बोट ठेवायला जागा नाही, नवीन फाइल सेव्ह केली का दिसतच नाही. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसून राहते अन् मी फाइल शोधून राहतो. एकानं सांगितलं का रॉकेटडॉक टाक, मॅकसारखं दिसते अन् सगळं बरोबर लागून जाते. फुकट आहे म्हणते. टाकू का?

उत्तर : टाका ना, पण आधी एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. डॉकनं तुमचा पसारा आवरला जाणार नाही. डॉक म्हणजे दाराजवळ ठोकलेली खुंट्यांची पट्टी, किल्ली, छत्री, हेल्मेट अडकवायला, जाता-येता हात जातो त्या वस्तूंसाठी. सगळं घर काही कोणी खुंटीवर टांगत नाही.

म्हणून आधी डेस्कटॉप. रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा, सॉर्ट बाय, त्यात आयटम टाइप. एका झटक्यात एकसारख्या गोष्टी एकत्र येतात अन् मग कळतं की नेमकं काय काय साचलंय. कोपऱ्यात छोटा बाण असलेले जे आयकॉन आहेत ते शॉर्टकट, ते नुसते पत्ते आहेत, एक-दोन केबीचे, उडवले तरी प्रोग्राम जात नाही. बाण नसलेल्या ज्या आहेत त्या खऱ्या फाइली, तिथं हात सांभाळून. तुमच्या धंद्यात तिथं काय असणार ते मी न बघता सांगतो, पत्रिका फायनल, पत्रिका फायनल मामांचं नाव टाकून, पत्रिका फायनल मामांचं नाव काढून, अन् त्याच्या बाजूला व्हॉट्सअॅपवरून आलेले गणपतीचे पन्नास फोटो.

या खऱ्या फाइलींसाठी डी ड्राइव्हवर एक 'कामं' नावाचा फोल्डर करा, आत वर्ष, वर्षाच्या आत गिऱ्हाइकाचं आडनाव अन् लग्नाची तारीख, बस. तारीख आधी वर्ष मग महिना मग दिवस अशी लिहा म्हणजे आपोआप ओळीनं लागते. यापेक्षा जास्त खण पाडू नका, पाडले तर दोन दिवस पाळाल अन् तिसऱ्या दिवशी पुन्हा डेस्कटॉपवर सेव्ह कराल, मला माहीत आहे कारण मी तेच केलं होतं.

डेस्कटॉपवर फाइली ठेवू नका म्हणतो त्याचं कारण नुसतं दिसायला घाण दिसतं एवढंच नाही. डेस्कटॉप ही काही वेगळी जागा नाही, तो सी ड्राइव्हमधला एक साधा फोल्डर आहे, यूजर्स नावाच्या फोल्डरात तुमच्या नावाखाली. विंडोज बिघडलं, दुकानदारानं 'फॉरमॅट मारून देतो' म्हटलं अन् तुम्ही घाईत हो म्हटलं की सी सोबत डेस्कटॉपही गेला. ऐन लग्नाच्या सीझनमध्ये असं झालेले लोक मला ओळखीचे आहेत. काही जण डेस्कटॉपच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन म्हणून टॅब असतो तिथून अख्खा डेस्कटॉपच डी वर हलवतात, चालतं तेही, फक्त डी मध्ये आधी डेस्कटॉप नावाचा फोल्डर करा अन् तो निवडा. नुसता डी ड्राइव्हच निवडला तर पूर्ण डी म्हणजे तुमचा डेस्कटॉप होऊन बसतो अन् मग जी मजा येते ती विचारू नका. आणि हो, डी म्हणजे बऱ्याचदा त्याच डिस्कचा दुसरा कप्पा असतो, डिस्क बसली की दोन्ही बसतात, तेव्हा आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी पाहिजेच.

एवढं झालं की मग डॉक. रॉकेटडॉक पंक लॅब्सवाल्यांचं, फुकट आहे हे खरं. त्याचं १.३.५ हे व्हर्जन २००८ चं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबानं आजोबा, पण विंडोज १० वर चालतं अन् हलकं आहे. ही पट्टीची कल्पना मात्र त्याहून म्हातारी. १९८९ मध्ये नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर उजव्या कडेला उभा डॉक होता, ती कंपनी पुढं अॅपलनं घेतली अन् २४ मार्च २००१ ला मॅक ओएस टेन आलं त्यात तोच डॉक खाली आडवा झाला, माऊस नेला की आयकॉन फुगतात तो. विंडोजवाल्यांना ते पाहून राहवलं नाही म्हणून मग ऑब्जेक्टडॉक, रॉकेटडॉक अशी मंडळी आली.

टाकल्यावर पट्टीवर राइट क्लिक, डॉक सेटिंग्ज. तिथं पोझिशनमध्ये जागा निवडता येते. तुम्ही कोरलवर, म्हणजे डिझाइनच्या कोरलड्रॉ प्रोग्रामवर, काम करत असणार, कोरलमध्ये डावीकडे टूलबॉक्स, उजवीकडे रंगांची पट्टी, खाली टास्कबार, म्हणजे मोकळी कड उरली ती वरची. वर मध्यभागी ठेवा अन् बिहेवियरमध्ये ऑटोहाइड लावा, म्हणजे काम करताना लपून राहील, माऊस वर नेला की खाली येईल. झूम थोडा कमी करा, पहिल्या दिवशी फुगणारे आयकॉन फार भारी वाटतात, आठव्या दिवशी वैताग येतो.

अन् पट्टीवर आठ-दहाच्या वर काही ठेवू नका. कोरल, फोटोशॉप, मराठी टायपिंगचं जे वापरता ते, ब्राउझर, कॅल्क्युलेटर, 'कामं' फोल्डर अन् सगळ्यात महत्त्वाचं, या महिन्याचा फोल्डर. गिऱ्हाईक समोर बसलं की माऊस वर, एक क्लिक, आडनाव. वीस-पंचवीस आयकॉन टाकले तर ते इतके बारीक होतात की डॉक म्हणजे दुसरा डेस्कटॉपच झाला.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. मी नवीन नवीन डॉक लावला तेव्हा बायकोच्या भिशीच्या हिशोबाची एक्सेल फाइल डेस्कटॉपवर होती. ओढली अन् डॉकवर सोडली. छान आयकॉन आला. मला वाटलं फाइल आता डॉकमध्ये गेली, मग डेस्कटॉपवरची कशाला पाहिजे, शिफ्ट दाबून डिलीट मारली, मोठा शहाणपणा. पंधरा दिवसांनी भिशी उघडायच्या दिवशी सगळ्या बायका हॉलमध्ये, पोहे झालेले, चहा ठेवलेला, अन् मी डॉकवर क्लिक करून राहिलो, आयकॉन उड्या मारतो पण उघडत काहीच नाही. डॉकमध्ये फाइल जातच नाही हो, फक्त तिचा पत्ता जातो. घर पाडलं अन् पाटी ठेवली असं झालं. शिफ्ट दाबल्यामुळं रिसायकल बिनमध्येही नव्हती. सात महिन्यांचा हिशोब मग सगळ्यांनी आपापल्या डायऱ्या आणून पुन्हा जुळवला, अन् तेव्हापासून आमच्या घरी कॉम्प्युटरचा विषय निघाला की मी शांत बसतो.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा, आधी फाइल तिच्या कायमच्या जागी हलवा, मग तिथून ओढून डॉकवर सोडा. आधी डॉकवर टाकली अन् नंतर हलवली तरी पत्ता चुकतोच. प्रोग्रामचंही तेच, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट डॉकवर टाकला असेल तर तो उडवायच्या आधी डॉकमधल्या आयकॉनवर राइट क्लिक करून आयकॉन सेटिंग्जमध्ये टारगेट काय लिहिलंय ते वाचा, तिथं डेस्कटॉप असा शब्द दिसला तर थांबा.

जाता जाता, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आहे, त्याचंही बघा. सिस्टिम बदलायच्या दिवशी डेस्कटॉप रिकामा असला तर तो दिवस फार सोपा जातो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, त्रिमूर्ती नगरला राहतो. पुण्याहून मुलगा दिवाळीला आला होता, त्याने माझ्या लॅपटॉपवर 'बाबा, हे सोपं पडेल' असे म्हणून खाली आयकॉनची एक पट्टी लावून दिली. आता खाली दोन पट्ट्या आहेत, एक आधीची, एक नवी. मी नेहमी चुकीच्या पट्टीवर जातो. त्यात परवा माझ्या हातून गुगल क्रोम पट्टीवरून ओढले गेले आणि नाहीसे झाले. मुलाला फोन करायचा नाही, तो लगेच चिडतो. काय करू?

उत्तर : सर, क्रोम कुठंही गेलेलं नाही. डॉकवरून आयकॉन बाहेर ओढला की फक्त पाटी उतरते, दुकान तिथंच असतं. स्टार्ट दाबून क्रोमची स्पेलिंग टाइप करा, दोन-तीन अक्षरांतच दिसेल.

आता दोन पट्ट्यांचं. तुमच्या मुलाचा हेतू चांगला पण मला त्याचं पटलं नाही, ज्याला मुळात चार गोष्टी लागतात, क्रोम, मेल, फोटो अन् पेपर वाचायचं एखादं, त्याला डॉकची गरजच नाही. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, तेव्हापासून खालच्या आपल्या मूळ टास्कबारलाच हे काम करता येतं. क्रोम उघडलं की खाली त्याचं चिन्ह येतं, त्यावर राइट क्लिक करून पिन टू टास्कबार म्हणा, ते तिथं कायमचं बसतं. असे चारही बसवा. मग कीबोर्डवरची विंडोजची चौकोनी खिडकीवाली कळ दाबून १ दाबलं की पहिलं उघडतं, २ दाबलं की दुसरं, माऊस लागतच नाही. हे तुम्हाला फार आवडेल बघा, शिक्षक लोकांना क्रमांक आवडतात.

ते झालं की नव्या पट्टीवर राइट क्लिक करून क्विट. उद्या लॅपटॉप चालू केल्यावर पुन्हा आली तर तिच्याच सेटिंग्जमध्ये जनरल म्हणून भाग असतो तिथं रन अॅट स्टार्टअपची खूण काढा. काढून टाकायची गरज नाही, मुलगा पुढच्या वेळी आला की लावून ठेवा, त्याला बरं वाटेल. आणि पट्टी ठेवायचीच असली तर राइट क्लिकमध्ये लॉक आयकॉन्स आहे, ते केलं की ओढलं तरी काही निघत नाही.

प्रश्न : दादा, आमचं सेतू केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर, सातबारा, प्रत्येकाची वेबसाइट वेगळी. सगळ्यांचे शॉर्टकट डेस्कटॉपवर करून ठेवले, शिवाय लोकांचे स्कॅन केलेले कागद पण तिथंच पडतात. जूनमध्ये अॅडमिशन सुरू झाले का बाहेर लाइन लागते अन् आम्ही दोघी जणी एकाच कॉम्प्युटरवर. डॉकवर वेबसाइट टाकता येते का?

उत्तर : येते ताई. ब्राउझरमध्ये साइट उघडायची, पत्त्याच्या डाव्या बाजूला जे छोटं चिन्ह असतं ते धरून एखाद्या फोल्डरमध्ये ओढायचं, लिंकची फाइल तयार होते, ती डॉकवर टाकायची. पण मी तुमच्या जागी असतो तर नसतं केलं. तुमचं दिवसभराचं काम ब्राउझरच्या आतच आहे, मग बाहेर येऊन डॉकवर जाऊन पुन्हा आत कशाला यायचं. कंट्रोल शिफ्ट बी दाबा, क्रोममध्ये पत्त्याखाली बुकमार्कची पट्टी उघडते. तिथं सगळ्या साइट ओळीनं लावा, नावं एडिट करून छोटी करा, 'उत्पन्न', 'सातबारा' एवढीच, म्हणजे दहा-बारा सहज मावतात. हाच तुमचा डॉक समजा.

मला काळजी वाटली ती पत्रातल्या दुसऱ्याच वाक्याची, स्कॅन केलेले कागद तिथंच पडतात. म्हणजे लोकांची आधार कार्डं, टीसी, रेशन कार्डं सगळी डेस्कटॉपवर, अन् स्क्रीन गिऱ्हाइकाकडे अर्धी वळलेली, नंबर दाखवायला आपण वळवतोच. मी स्वतः एका ठिकाणी दाखला काढायला गेलो होतो, कोणतं ते सांगत नाही, तिथं माझ्या आधी आलेल्या सहा जणांची नावं अन् आधारचे फोटो मला बसल्या बसल्या दिसले. माझंही पुढच्याला दिसलंच असेल.

तर असं करा. डी वर 'आज' नावाचा एकच फोल्डर, स्कॅनरच्या सेटिंगमध्ये सेव्ह व्हायची जागा तीच द्या. आत प्रत्येक अर्जाचा टोकन नंबर किंवा अर्ज क्रमांक, माणसाचं नाव नको. अर्ज अपलोड झाला, पावती निघाली की त्या माणसाचा फोल्डर तिथंच उडवा, अन् संध्याकाळी शटर ओढायच्या आधी 'आज' पूर्ण रिकामा अन् रिसायकल बिनही रिकामा. इथं मात्र शिफ्ट डिलीट वापरा, माझ्या भिशीसारखं नाही, इथं ते गेलेलंच चांगलं. जिथं चालतं तिथं लोकांना मास्क्ड आधार आणायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि तुमच्या कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय, चालू असेल तर एकदा बघून घ्या, त्याचा बॅकअप चालू असला तर तो डेस्कटॉपच उचलून आपल्याकडे नेतो, म्हणजे लोकांचे कागद तुमच्या नकळत इंटरनेटवर चढून राहिलेत, अन् फुकटचे पाच जीबी भरले की मेसेज येऊन येऊन डोकं खातो ते वेगळंच.

समोर माणूस बसला की डेस्कटॉप झाकायचा एक सोपा उपाय, रिकाम्या जागेवर राइट क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्सची खूण काढा. सगळं गायब. फाइली असतात, फक्त दिसत नाहीत. पण दिसत नाही म्हणून तसंच ठेवू नका, आधी ते 'आज'चं करा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे अन् मला एकदम मॅकसारखा लूक पाहिजे, रूममेटचा लॅपटॉप पाहिला तेव्हापासून. रॉकेटडॉक टाकलं तर आयकॉन धुरकट दिसून राहिलेत, अन् स्टोअरवरून घेतलेले अॅप त्याच्यात जातच नाहीत. दुसरं काही आहे का? अन् याच्यानं लॅपटॉप स्लो होते का?

उत्तर : धुरकट दिसतात कारण तुझी स्क्रीन नवीन अन् सॉफ्टवेअर २००८ चं, त्या काळी असल्या बारीक पिक्सेलच्या स्क्रीन नव्हत्याच. तू विनस्टेपचं नेक्सस बघ, ते फुकट मिळतं, उघडे असलेले प्रोग्राम पण डॉकवर दाखवतं. फुकटवाल्यात एकच डॉक मिळतो, एकाहून जास्त किंवा डॉकच्या आत डॉक पाहिजे असतील तर त्याचं अल्टिमेट व्हर्जन विकत घ्यावं लागतं, तुला नाही लागत.

स्टोअरवाल्या अॅपचं असं की त्यांचा नेहमीसारखा प्रोग्राम-फाइलचा रस्ता नसतो, म्हणून ओढून जात नाहीत. विंडोज की अन् आर दाब, तिथं शेल, मग कोलन, मग जागा न सोडता अॅप्सफोल्डर असं इंग्रजीत लिहून एंटर मार. सगळ्या अॅपची एक खिडकी उघडते, पाहिजे त्यावर राइट क्लिक करून क्रिएट शॉर्टकट म्हण, तो डेस्कटॉपवर पडतो, मग त्याला एखाद्या कायमच्या फोल्डरात हलव अन् तिथून डॉकवर टाक. वरचं भिशीचं प्रकरण वाचलंच असशील.

विंडोज ११ चा राग मलाही आहे. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा टास्कबार बाजूला लावायची सोय काढून टाकली, त्यावर फोल्डरची टूलबार लावता यायची तीही गेली, माझी वर्षानुवर्षांची सवय एका अपडेटमध्ये मोडली, अन् मी डॉककडे वळलो ते खरं त्यामुळं. लूकसाठी नाही.

स्लो होण्याचं विचारशील तर डॉक स्वतः काही फार खात नाही. खातं ते त्याच्यासोबतचं, हलणारे वॉलपेपर, हवामानाचं विजेट, काचेसारखी थीम, मॅकसारखं करायच्या नादात पोरं ही सगळी वरात लावतात अन् मग म्हणतात डॉकनं स्लो झालं. अन् डाउनलोड नेहमी बनवणाऱ्याच्याच साइटवरून कर, 'फुल व्हर्जन क्रॅक' लिहिलेल्या साइटवरून आणलं तर डॉक येईलच, सोबत काय काय येईल ते तुझ्या पासवर्डना विचार. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा क्रॅक शोधणारे मी पाहिलेत, म्हणून सांगितलं.

रूममेटला जळवायचंच असेल तर एक अजून सांगतो. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज टाक, फुकट आहे, त्यात रन म्हणून एक सोय आहे. अल्ट अन् स्पेस दाबलं की मधोमध एक रिकामी पट्टी येते, प्रोग्रामची दोन अक्षरं टाइप केली की एंटर. आयकॉनच नाही, पट्टीच नाही, डेस्कटॉपवर फक्त फोटो. मी हल्ली अर्धा वेळ तेच वापरतो अन् डॉक वर नुसता लपून बसलेला असतो.